अढीतला भात

आमच्या बाबांना भात करता येत नाही, ही गोष्ट १९९९ सालापर्यंत घरात कोणाच्या लक्षात आली नव्हती. त्यांच्या स्वतःच्याही नाही. ते रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून होते आणि शहराबाहेर कातळावर त्यांची थोडी हापूसची कलमं होती. कचेरीचं काम ते पगारासाठी करत आणि कलमांचं जीव लावून. कुठला आंबा कधी उतरवायचा, कुठला पेटीत भरून मुंबईला पाठवायचा आणि कुठला घरच्या अढीत घालायचा, हे विचारायला आजूबाजूचे बागवाले त्यांच्याकडे येत. स्वयंपाकघरात मीठ कुठे असतं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते त्यांच्या लग्नापासून एकाच चिनी मातीच्या बरणीत, एकाच फळीवर होतं.

अढी आमच्या मागच्या खोलीत असायची. जमिनीवर भाताचा पेंढा अंथरायचा, त्यावर आंबे मांडायचे, वरून पुन्हा पेंढा घालायचा. आत ऊब धरते आणि कच्चा आंबा आपल्या मनाने सावकाश पिकतो. ती अढी उघडण्याचा अधिकार घरात फक्त बाबांचा. लहानपणी मी एकदा वास घ्यायला पेंढा बाजूला केला, तर ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "ऊब मोडलीस." आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

घरातलं ज्ञान असं वाटून घेतलेलं होतं. फ्यूज, बँक आणि एस.टी.च्या वेळा बाबांकडे, उरलेलं जग आईकडे. यात कोणावर अन्याय होतोय असं कोणाला वाटत नव्हतं. निदान कोणी तसं बोलून दाखवत नव्हतं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला वरण-भात, पोळी, झालंच तर आमटी एवढं येत होतं. ते मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. मुलगी म्हटल्यावर ते आपोआप येतं, असा सगळ्यांचा समज होता.

त्या फाल्गुनात नाट्याची मावशी आजारी पडली. नाटे हे राजापूर तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. मावशी आईपेक्षा पुष्कळ मोठी. आजी लवकर गेली तेव्हा आईला मावशीनेच न्हाऊमाखू घालून वाढवलं, स्वतःचं लग्न लांबवून. पुढे ती नाट्याला दिली गेली, लवकर एकटी झाली, मूलबाळ नव्हतं. दिराचा मुलगा शेजारच्या घरात राहायचा, चांगला होता, पण त्याला त्याचा संसार होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता काही करण्यासारखं नाही, घरीच ठेवा आणि जवळ कोणीतरी असू द्या.

जवळ कोणीतरी म्हणजे आई, यात शंका नव्हती. अडचण संध्याकाळच्या भाताची होती. बाबांना पोटाचं जुनं दुखणं होतं. खानावळीतलं दोन दिवस खाल्लं की तिसऱ्या दिवशी ते आडवे. म्हणून आई पहाटेची गाडी धरून राजापूरला जायची, तिथे गाडी बदलून नाट्याला, मावशीचं सगळं करायची आणि परतीची शेवटची एस.टी. पकडून घरी येऊन भात टाकायची. आठवड्यातून दोनदा तरी. असं महिनाभर चाललं. बाबा तिला गाडीच्या वेळा बिनचूक सांगत.

एका रविवारी मी तिच्याबरोबर गेले होते. मावशीची खाट माजघरात होती. आई तिचे केस विंचरत होती आणि दोघी काहीतरी जुनं आठवून हसत होत्या. आई मावशीजवळ बसली की तिचा चेहरा लहान मुलीचा व्हायचा, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात नाक्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. आई उठली. मावशीने तिचा हात धरला.

"राहा गो आजची रात," मावशी म्हणाली.

आई म्हणाली, "भात टाकायचाय गो बाय." आणि हात सोडवून घेतला.

गाडीत ती राजापूर येईस्तोवर खिडकीबाहेर बघत बसली. मला बाबांचा भयंकर राग आला होता, आणि राग काढायला काही जागा नव्हती, कारण त्यांनी काहीच केलं नव्हतं. तोच तर सगळा मुद्दा होता.

त्या रात्री जेवताना आईने जाहीर केलं की मावशीचं होईस्तोवर ती नाट्याला राहायला जाणार. आणि जाण्याआधी बाबांना भात आला पाहिजे. भात आला नाही तर तिला अर्ध्यातून परत यावं लागेल, आणि तसं झालं तर ती बाबांना जन्मात माफ करणार नाही. हे सगळं तिने लोणचं वाढता वाढता सांगितलं.

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, पण ही आहे ना."

"हिची परीक्षा आहे," आई म्हणाली. "आणि परीक्षा नसती तरी हिने करायचं नाही. हिने केलं तर तुम्ही शिकायचे नाहीत, आणि मग माझ्यासारखी हीपण कुठल्यातरी हॉर्नला उठेल."

मला तिने वेगळं बोलावून बजावलं की शेगडीला हात लावायचा नाही. भात करपला तरी बघत बसायचं. शेजारच्या काकूंनी डबा द्यायची तयारी दाखवली, तर आई त्यांना म्हणाली की तुम्हालाही एक नवरा आहेच, तेवढा पुरे. काकूंना हे पटलं. बाबांनी सगळं लिहून मागितलं, तेव्हाही ती नाही म्हणाली. कागद दिला की तो कागद कुठे ठेवलाय हे विचारायला नाट्याला फोन कराल, म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आई पाटावर बसायची आणि बाबा ओट्यापाशी उभे. आमच्याकडे उकड्या तांदळाचा भात असायचा. लालसर, जाड दाणा, शिजायला वेळ घेणारा. कुकरमध्ये आईला तो आवडत नसे. टोपात पाणी उकळायचं, तांदूळ टाकायचे, मंद आचेवर ठेवायचे, दाणा शिजला की वरचं पाणी वेळून काढायचं. ते पाणी म्हणजे पेज. एवढंच काम. पण बाबांना पहिल्यापासून अडचणी. पाणी किती, तर तांदळाच्या वर बोटाची दोन पेरं. कोणाच्या बोटाची, त्यांनी विचारलं. मंद आच म्हणजे बटण नेमकं कुठे. मीठ किती, तर अंदाजाने. सरकारी कामात अंदाज हा शब्द ते कधी वापरत नसावेत.

शेवटी आई म्हणाली, "आंबा तयार झालाय हे तुम्हाला कसं कळतं?"

"हाताला कळतं," बाबा म्हणाले.

"मग हे पण हातालाच कळायचंय."

यावर बाबा गंभीर झाले. त्यानंतर ते दर मिनिटाला झाकण काढत, एक दाणा उचलत, बोटांत धरत आणि आंब्याला दाबावं तसं दाबून बघत. वाफ सगळी निघून जाई. वर टणक, खाली लगदा, असा भात तयार होई. आई शांतपणे खायची. चौथ्या का पाचव्या दिवशी नाट्याहून मावशीच्या पुतण्याचा निरोप आला की ती आईला विचारतेय. आईने बाबांचा भात एकदा चाखला, येईल हळूहळू, असं म्हणाली आणि पिशवी भरली. तो भात काही आला नव्हता. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आईलाही एक गोष्ट शिकावी लागली, ती फोनची. घरी फोन होता, पण एस.टी.डी. बूथवर जाऊन आपण स्वतः नंबर फिरवायचा हे तिने कधी केलं नव्हतं. समोर मीटरचे आकडे पळतात, त्यामुळे तिला बोलायला सुचत नसे. म्हणून तिने एकच वाक्य ठरवून घेतलं. रोज संध्याकाळी नाट्याच्या नाक्यावरून तिचा फोन यायचा.

"भात झाला काय?"

"झाला," बाबा म्हणायचे.

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज यायचा. मग आम्ही जेवायला बसायचो.

झालेला नसायचा. कधी करपलेला, कधी कच्चा, एकदा तर दोन्ही. मी अभ्यासाचं पुस्तक समोर धरून जेवायचे, म्हणजे ताटाकडे बघावं लागत नसे. माझ्या वाट्याला फक्त खायचं काम आलं होतं आणि त्या वर्षातल्या सगळ्या पेपरांपेक्षा ते अवघड होतं. बाबा चावत चावत म्हणायचे, "कालच्यापेक्षा बरा आहे." मी मान हलवायचे. त्यांचं पोट हळूहळू कुरकुर करायला लागलं होतं. ते ओव्याची चिमूट तोंडात टाकून कचेरीत जात. मला त्यांची दया यायची आणि मग मावशीने धरलेला हात आठवायचा, की ती दया जायची. भीती एकच होती. बाबा आडवे झाले की कोणीतरी आईला कळवणार, आणि ती सगळं टाकून निघून येणार.

मग एक दिवस गॅस संपला. आंब्याचा मोसम ऐन भरात होता. बाबांनी रजा टाकली होती, पेट्या न्यायला टेम्पो दुपारी यायचा होता. शेगडीवर भात उकळत होता आणि ज्योत विझली. तेव्हा आमच्याकडे एकच सिलिंडर असे. नंबर लावायचा आणि वाट बघायची. रॉकेलचा स्टो होता, पण त्याची पिन कुठे आहे हे आईलाच माहीत. बाबांनी झाकण उघडलं, दाणा दाबला आणि बराच वेळ टोपाकडे बघत उभे राहिले.

"कच्चा आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, पाव आणते. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी टोपावर ताटली घट्ट बसवली, आईच्या जुन्या लुगड्यात टोप गुंडाळला, उचलून मागच्या खोलीत नेला आणि अढीच्या एका कडेचा पेंढा बाजूला करून आत ठेवला. वरून पेंढा चांगला दाबून बसवला. त्यांच्या दृष्टीने त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. कच्ची वस्तू असली की ती अढीत घालायची, जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. मला वाटलं, उन्हाने आणि उपासाने त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

टेम्पो आला, पेट्या चढल्या, ऊन उतरलं. मी दोनदा म्हटलं की तो भात आंबायच्या आत काढूया. त्यांनी हात आडवा केला. "अढी उघडायची नाही. ऊब मोडते." शेगडीवरच्या भाताचं झाकण मिनिटाला उघडणारा हा माणूस अढीतल्या भाताला दुपारभर हात लावायला तयार नव्हता. संध्याकाळी त्यांनी पेंढ्याजवळ जाऊन नाक लावलं, मान डोलावली आणि टोप बाहेर काढला. ताटली उचलल्यावर वाफ आली. दाणा न् दाणा शिजलेला, मोकळा, मऊ. वर थोडी पेज राहिली होती, ती त्यांनी वेळून काढली. आणि सगळ्या भाताला पिकत्या हापूसचा वास.

आम्ही दोघं जेवायला बसलो. मी दुसऱ्यांदा भात मागितला. बाबांनी वाढला आणि तोंड फिरवून मिठाची बरणी उगाचच पुसायला घेतली.

तेवढ्यात फोन वाजला.

"भात झाला काय?"

"झाला," बाबा म्हणाले. मग थांबले आणि म्हणाले, "खरंच झालाय गं."

त्या दिवशी आईने फोन लगेच ठेवला नाही.

त्यानंतर नवा सिलिंडर आला तरी बाबांनी पद्धत बदलली नाही. सकाळी पाणी उकळायचं, तांदूळ टाकून एक चांगली उकळी काढायची, लुगड्यात गुंडाळायचं आणि आंब्यांच्या शेजारी नेऊन ठेवायचं. कचेरीतून आले की भात तयार. हळूहळू डाळीचं भांडंही अढीत जायला लागलं. एकदा त्यांनी बटाटे पुरले. शेजारच्या काकू एक दिवस डोकावल्या आणि पेंढ्यातून टोप निघताना पाहून काही न विचारता परत गेल्या. पुढचे काही दिवस त्यांचे यजमान आमच्याकडे पेपर वाचायला आले नाहीत. बहुधा काकूंनीच त्यांना अडवलं असावं किंवा, उलट, शिकून या असं सांगितलं असावं आणि म्हणून ते येत नसावेत.

माझी परीक्षा झाली. मी नाट्याला जाऊन दोन दिवस राहून आले. मावशी आता फार बोलत नव्हती. आई खाटेशेजारी चटई टाकून निजायची. संध्याकाळी नाक्यावर शेवटच्या गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा मावशीने डोळे उघडून आईकडे बघितलं. आई तिचे पाय चेपत होती, ती चेपत राहिली. मावशीने पुन्हा डोळे मिटले. मी परत आल्यावर हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आणि उठून तांदूळ निवडायला बसले. ते निवडलेलेच होते.

मोसम सरत आला होता. अढीत शेवटचे आंबे होते. एका सकाळी, बाबा दाढी करत असताना, फोन वाजला. ती वेळ आईच्या फोनची नव्हती. मी उचलला.

"गेली गो," आई म्हणाली. "पहाटे. माझ्या हातात हात होता." मग थोडं थांबून म्हणाली, "बाबांना सांग." भाताचं तिने विचारलं नाही.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी तोंडावरचा साबण पुसला, अर्धी दाढी तशीच ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पेटवली. मी म्हटलं, राजापूरची गाडी आहे आत्ता. ते म्हणाले, पुढची धरू. मी म्हटलं, बाबा, मावशी गेलीय, आणि तुम्ही भात काय करताय. मी ओरडलेच त्यांच्यावर. तोवर साठलेला सगळा राग त्यात होता.

त्यांनी पाण्यात दोन पेरं बुडवून बघितली. "मयताच्या घरी चूल पेटत नाही," ते म्हणाले. "ती सकाळपासून उपाशी असेल."

हे मला सुचलं नव्हतं.

त्यांनी नेहमीपेक्षा मोठा टोप काढला. उकळी आल्यावर ताटली बसवली, सुतळीने बांधली, लुगडं गुंडाळलं. मग आंब्याची एक रिकामी लाकडी पेटी आणली, अढीतला पेंढा तिच्यात भरला, मधे टोप बसवला, वरून पेंढा दाबला आणि फळ्या ठोकल्या, मुंबईला माल पाठवताना ठोकतात तशा. गाडीत त्यांनी ती पेटी मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, आंबे वर टपावर टाका. बाबा म्हणाले, आंबे नाहीत, भात आहे. कंडक्टरने त्यांच्या अर्ध्या दाढीकडे बघितलं आणि पुढे गेला. राजापूरला गाडी बदलतानाही त्यांनी ती पेटी मला उचलू दिली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पुतण्या आणि गावातली माणसं स्मशानातून परतत होती. आम्हाला उशीर झाला होता. मावशीचं शेवटचं दर्शन मला झालं नाही आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं. शेजारपाजारच्यांनी रीतीप्रमाणे पिठलं-भात आणून ठेवला होता. तो गार होऊन गेला होता. आईने त्यातलं काही घेतलं नव्हतं. न्हाऊन, ओल्या केसांनी ती माजघरात भिंतीला टेकून बसली होती, आणि समोर खाटेची जागा मोकळी होती. ती रडत नव्हती. पुतण्याची बायको मला हळूच म्हणाली, सकाळपासून अशाच आहेत, बघा तुम्ही काय ते.

बाबांनी पेटी तिच्यापुढे ठेवली. कोयतीने फळ्या उचकटल्या, पेंढा काढला, सुतळी सोडली. ताटली उचलली तर भात वाफाळत होता. माजघरभर हापूसचा वास पसरला. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, सुतकाच्या घरात आंबे कोणी आणले म्हणून. बाबांनी पत्रावळीवर भात वाढला, चिमूटभर मीठ कडेला ठेवलं आणि पत्रावळ आईच्या हातात दिली. मीठ त्यांनी घरून पुडीत बांधून आणलं होतं.

आईने एक घास घेतला. बोटांत दाणा दाबून बघितला.

"शिजलाय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. ती खूप वेळ रडली, आणि रडता रडता पत्रावळीवरचा सगळा भात खाल्ला. बाबा जवळ उकिडवे बसून होते. त्यांनी आणखी वाढला.

उन्हं कलली आणि नाक्यावर शेवटच्या गाडीचा हॉर्न वाजला. सवयीने आईचा हात जमिनीवर टेकला, उठायला. बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"तू राहा," ते म्हणाले. "तिचं बारावं होऊ दे. घरी भात आहे."

आई पुन्हा भिंतीला टेकली. मी रिकामा टोप पेटीत ठेवला, बाबांनी पेंढ्याची काडी न् काडी गोळा करून वर घातली. मग आम्ही दोघं नाक्यावर गेलो आणि ती गाडी पकडली.